रांग कोणी लावली? अमेरिकेतील अल्पसंख्याकांच्या खानावळी आणि मदतीचा शंभर वर्षांचा हिशेब

१/
२७ मे २०२१. अमेरिकेच्या सहाव्या विभागीय अपील न्यायालयाने टेनेसी राज्यातील एका छोट्या खाद्यगृहाच्या दाव्यात निकाल दिला. करोनाकाळात बुडालेल्या उपाहारगृहांना अनुदान वाटताना मालकाचा वंश किंवा लिंग पाहून कोणालाही रांगेत पुढे घेता येणार नाही, असा त्याचा आशय होता. पुढच्या काही आठवड्यांत प्राधान्य गटातील सुमारे तीन हजार उपाहारगृहांना कळवण्यात आले की त्यांचे मंजूर झालेले अनुदान आता मिळणार नाही.

२/
निकालामागचा विचार वरकरणी निर्दोष वाटतो. रांग एकच असावी, जो आधी येईल त्याला आधी मिळावे. यात अन्याय कोणता? इतिहासाचे उत्तर असे आहे की रांग कधीच मोकळ्या मैदानात लागत नाही. तिच्या आधी वहीखाते असते, बँकेतील ओळख असते, विम्याच्या करारातील एक बारीक कलम असते. रांगेत कोण कुठे उभा राहील, हे बहुधा खिडकी उघडण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. हा धागा त्या 'आधी'विषयी आहे.

३/
सुरुवात १९२१च्या टल्सापासून करावी लागेल. ओक्लाहोमा राज्यातील या शहराचा ग्रीनवुड हा कृष्णवर्णीयांचा भाग. रेल्वेमार्गाच्या पलीकडे गोऱ्यांची दुकाने त्यांना परकी होती, म्हणून अलीकडे त्यांनी स्वतःची बाजारपेठ उभारली होती. ग्रीनवुड आणि आर्चर या रस्त्यांच्या नाक्यावर लूला आणि जॉन विल्यम्स या दांपत्याची इमारत होती. तिच्यात लूलाबाईंचे मिठाई आणि सोडा-आइस्क्रीमचे दुकान चाले. जवळच त्यांचे ड्रीमलँड नाट्यगृह होते.

४/
३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ग्रीनवुड जाळून टाकले. सुमारे ३५ चौक भस्मसात झाले, बाराशेहून अधिक घरे जळाली. हॉटेले, खानावळी, किराणा दुकाने, मिठाईचे दुकान, काहीच उरले नाही. ही कथा आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तिचा दुसरा अंक मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि खरा धडा त्या दुसऱ्या अंकात आहे.

५/
ग्रीनवुडच्या दुकानदारांकडे विमा होता. त्यांनी हप्ते वेळेवर भरले होते. पण करारात एक कलम होते: दंगलीमुळे झालेल्या हानीची भरपाई मिळणार नाही. घटनेला 'दंगल' हे नाव मिळताच विमा कंपन्यांचे दायित्व संपले. विल्यम रेडफर्न या मालमत्ताधारकाने दावा लावून धरला. १९२६ साली ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. हत्याकांडाला दंगल म्हणण्याची किंमत अशी रोख मोजली गेली.

६/
नगरपालिकेकडे रहिवाशांनी १८ लाख डॉलरहून अधिक रकमेच्या भरपाईचे दावे दाखल केले. ते फेटाळले गेले. एक दावा मात्र मान्य झाल्याची नोंद आहे. तो एका गोऱ्या दुकानदाराचा होता, त्याच्या दुकानातून नेलेल्या बंदुकांच्या भरपाईचा. जळालेल्या खानावळीला पैसा नाही, नेलेल्या बंदुकीला आहे. मदतीचे निकष तटस्थ असतात असे मानणाऱ्याने ही नोंद सवडीने वाचावी.

७/
त्याहून पुढची पायरी अशी, की शहराने अग्निसुरक्षेचा नवा नियम केला. जळालेल्या भागात यापुढे महागड्या, आग न पकडणाऱ्या साहित्याचेच बांधकाम करायचे. शब्दांत कोठेही वंशाचा उल्लेख नव्हता. परिणाम एकच होणार होता: राख झालेल्या माणसाला पुन्हा बांधणे परवडू नये आणि ती जमीन उद्योगांसाठी मोकळी व्हावी. वकील बक फ्रँकलिन यांनी तंबूत कचेरी थाटून या नियमाविरुद्ध लढा दिला आणि न्यायालयाकडून तो रद्द करून घेतला.

८/
ग्रीनवुड पुन्हा उभे राहिले. विल्यम्स दांपत्यानेही पुन्हा बांधले. १९२५ साली कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन त्याच टल्सात भरले. येथेच समाजमाध्यमांवरचा लोकप्रिय इतिहास थांबतो आणि म्हणतो: बघा, कोणाच्याही मदतीवाचून ते उभे राहिले. हे कौतुक वाटते, पण ते कौतुक नव्हे. ज्यांना भरपाई नाकारली त्यांच्या जिद्दीचे गोडवे गाणे, ही भरपाई नाकारल्याची गोष्ट झाकण्याची जुनी रीत आहे.

९/
शिवाय 'कोणाच्याही मदतीवाचून' हे खरेही नाही. रेडक्रॉस महिनोन्‌महिने टल्सात होता. त्याने तंबू दिले, अन्न दिले, जखमींची शुश्रूषा केली. मदत होती, ती जगण्यापुरती होती. धंदा पुन्हा उभा करायला लागणारे भांडवल कोणी दिले नाही. जगवणे आणि उभे करणे यांतील हे अंतर पुढच्या प्रत्येक प्रकरणात परत परत दिसते.

१०/
आता मॉन्टगोमेरी, अलाबामा. १९५५च्या डिसेंबरात बसवरील बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस चालला. जॉर्जिया गिलमोर ही शहरातील एका खानावळीतली स्वयंपाकीण. तिने बायकांचा एक गट जमवला. तळलेल्या कोंबडीचे सँडविच, केक, रताळ्याचे पाय घरी करून त्या विकत आणि पैसा आंदोलनाला देत. गटाचे नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसा कुठून आला असे विचारले तर उत्तर खरेच द्यायचे: कुठूनच नाही. देणाऱ्यांची नोकरी सुरक्षित राहावी म्हणून ही युक्ती.

११/
मार्च १९५६मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर खटला चालला. गिलमोर साक्षीला उभी राहिली. पुढच्या दाराने चढून पैसे दिल्यावर चालकाने उतरून मागच्या दाराने यायला कसे लावले आणि ती पोचण्याआधीच बस कशी सोडली, ते तिने भर न्यायालयात सांगितले. तिची नोकरी गेली. दक्षिणेत त्या काळी गोऱ्यांच्या नागरिक परिषदा नोकरी, उधारी आणि कर्ज यांचा शस्त्रासारखा वापर करीत, त्यामुळे हे अनपेक्षित नव्हते.

१२/
किंग यांनी तिला स्वतःचाच धंदा सुरू करायला सांगितले आणि भांडीकुंडी घेण्यासाठी पैसे दिले. तिचे घर हीच खानावळ झाली. गोरे आणि काळे एका टेबलावर जेवू शकतील अशा मोजक्या जागांपैकी ती एक होती. किंग तेथे सहकाऱ्यांसह गुप्त बैठका घेत. गिलमोर १९९०मध्ये वारली, तेव्हाही ती सेल्मा-मॉन्टगोमेरी मोर्च्याच्या पंचविसाव्या स्मृतिदिनासाठी स्वयंपाकच करीत होती.

१३/
त्या थोड्याशा पैशाला आजच्या भाषेत अनुदान म्हणतात. त्यासाठी अर्ज नव्हता, मागच्या वर्षाची उलाढाल विचारली गेली नव्हती, रांगेचा क्रमांक नव्हता. एकच प्रश्न होता: या बाईचे जे नुकसान झाले ते कशामुळे झाले? अनुदानाला भीक म्हणणाऱ्यांनी हे पाहावे. गिलमोरने हात पसरला नव्हता. तिने साक्ष दिली होती आणि तिची किंमत मोजली होती. समाजाने त्या किमतीतील आपला वाटा उचलला, इतकेच.

१४/
तिसरे प्रकरण न्यू ऑर्लिन्सचे. विली मे सीटन या वृद्धेची खानावळ ट्रेमे भागात १९५७पासून चालू होती. तिची तळलेली कोंबडी शहरभर नावाजलेली. मे २००५मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानने तिला 'अमेरिकेचा अभिजात वारसा' या वर्गात सन्मानित केले. २९ ऑगस्ट २००५ला कॅटरिना वादळ आले, बांध फुटले आणि सन्मानपत्राला चार महिनेही होण्याआधी खानावळ पाण्याखाली गेली.

१५/
ती खानावळ २००७मध्ये पुन्हा उघडली. सदर्न फूडवेज अलायन्स या संस्थेने स्वयंसेवक जमवले, देणग्या गोळा केल्या, नामांकित आचाऱ्यांनी हातात हातोडा घेतला. त्याच वर्षी लीआ चेस यांचे १९४१पासूनचे 'डुकी चेस' हे प्रसिद्ध उपाहारगृहही लोकांच्या मदतीने परत सुरू झाले. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. पण वाचलेली खानावळ पुरस्कारप्राप्त होती, हे विसरता येत नाही. ज्या गल्लीतल्या भटारखान्याला कोणी पुरस्कार दिला नव्हता, त्याच्यासाठी हातोडा कोणी उचलावा?

१६/
त्याच शहरात सरकारी सूत्र कसे चालले तेही पाहावे. 'रोड होम' ही घरबांधणीची अनुदान योजना. कमाल मर्यादा दीड लाख डॉलर. अनुदान मोजताना दुरुस्तीचा खर्च आणि वादळापूर्वीची घराची किंमत, यांपैकी जे कमी ते धरायचे. वीट, लाकूड, मजुरी यांचे दर दोन्ही वस्त्यांत सारखेच. पण कृष्णवर्णीय वस्तीतील घराची बाजारकिंमत आधीपासून पाडलेली. म्हणून तेवढेच मोडलेले घर, आणि अनुदान मात्र कमी.

१७/
या सूत्रात वंशाचा शब्दही नव्हता. टल्साच्या अग्निसुरक्षा नियमातही नव्हता. २००८ साली दावा दाखल झाला आणि २०११ साली ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली. तोवर सहा वर्षे उलटली होती. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. ज्या कुटुंबांनी या काळात शहर सोडले, त्यांच्याबरोबर त्यांच्या गल्लीतल्या खानावळींचे गिऱ्हाईकही गेले. घराचे अनुदान चुकले की नाक्यावरची चूलही विझते.

१८/
आता २०२०. मार्चमध्ये शहरांमागून शहरांनी उपाहारगृहांची दारे सरकारी आदेशाने बंद केली. चिनी वस्त्यांतील खानावळी तर त्याआधीच, आजाराच्या आणि माणसांच्या भीतीने ओस पडल्या होत्या. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फेअरली यांच्या मोजणीनुसार फेब्रुवारी ते एप्रिल २०२० या काळात देशभरातील सक्रिय गोऱ्या व्यावसायिकांची संख्या १७ टक्क्यांनी घटली. कृष्णवर्णीयांची ४१ टक्क्यांनी, लॅटिनोंची ३२ टक्क्यांनी आणि आशियाई व्यावसायिकांची २६ टक्क्यांनी. संकट एकच, खड्डे चार वेगवेगळ्या खोलीचे.

१९/
विमा? सार्स साथीनंतर, २००६ साली, विमा उद्योगाने विषाणूजन्य हानी वगळणारे कलम करारांत घालायला सुरुवात केली होती. ज्यांच्या करारात ते नव्हते त्यांना सांगण्यात आले की धंदा बंद पडला, पण इमारतीची 'भौतिक हानी' कोठे झाली? बहुतेक न्यायालयांनी कंपन्यांचे म्हणणे उचलून धरले. १९२१मध्ये 'दंगल', २०२०मध्ये 'विषाणू'. कलम बदलले, हप्ते घेऊन हात झटकण्याची रीत तीच राहिली.

२०/
मग वेतन संरक्षण योजना आली. पहिल्या टप्प्यातील ३४९ अब्ज डॉलर अवघ्या १३ दिवसांत संपले. कर्ज बँकांमार्फत मिळणार होते आणि बँका आधी ओळखीच्या ग्राहकांकडे वळल्या. रक्कम ठरत होती मासिक वेतनखर्चाच्या अडीच पटीवर. आता नवरा भट्टीपाशी, बायको गल्ल्यावर, मुले टेबलांपाशी अशी चालणारी खानावळ घ्या. पगारपत्रकच नाही, तर अडीच पट कशाची? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आणि त्याच निधीतून 'शेक शॅक'सारख्या मोठ्या साखळीला एक कोटी डॉलर मिळाले. टीका झाल्यावर तिने ते परत केले.

२१/
ही चूक ओळखूनच ११ मार्च २०२१च्या कायद्याने उपाहारगृहांसाठी २८.६ अब्ज डॉलरचा वेगळा निधी उभारला. सूत्र सोपे: २०१९च्या उलाढालीतून २०२०ची उलाढाल आणि आधी मिळालेले वेतनकर्ज वजा करायचे, उरेल ती रक्कम अनुदान. ३ मे रोजी अर्ज सुरू झाले. पहिले २१ दिवस स्त्रिया, माजी सैनिक आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित गटांतील मालकांचे अर्ज आधी हाती घ्यायचे होते. रांगेची सुरुवात कुठून करायची, याचा एवढाच फेरविचार होता.

२२/
टेनेसीतील त्या खाद्यगृहाची मालकी नवरा-बायकोत निम्मी निम्मी होती. पत्नी हिस्पॅनिक, पती गोरा. प्राधान्यासाठी ५१ टक्के मालकी हवी, म्हणून ते मागे राहिले. न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने त्यांची बाजू घेतली. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अमूल थापर हे भारतीय वंशाचे. न्यायमूर्ती बर्नीस डोनाल्ड या कृष्णवर्णीय न्यायाधीशांनी विरुद्ध मत नोंदवले.

२३/
निकालातील एक मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. वंचितांची सरकारी यादी विचित्र होती. भारत आणि पाकिस्तानातून आलेल्यांचे वंशज तिच्यात बसत, अफगाण, इराणी आणि इराकी बसत नसत. भारतीयांचा समावेश १९८२ साली, त्यांच्या संघटनेने मागणी लावून धरल्यावर झाला होता. म्हणजे यादीवरही ज्याचा आवाज पोचला त्याची छाया होती. काबूलहून येऊन कबाबचे दुकान काढणाऱ्याने कोणाकडे दाद मागावी, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

२४/
पण यादी सदोष असेल तर ती दुरुस्त करायची असते. निकालाने दुरुस्ती केली नाही, घड्याळ परत आणले. आणि घड्याळ कोणाच्या बाजूने असते? या निधीसाठी संगणकीय बिलयंत्रांच्या कंपन्यांमार्फतही अर्ज करता येत होता. ज्याच्या गल्ल्यावर असे यंत्र आणि दाराशी लेखापाल, त्याचा अर्ज पहिल्या तासात पोचतो. ज्याचा हिशेब वहीत आणि रोख पेटीत, तो आठवडाभर कागद जुळवत बसतो. मग आठवड्याने मागे राहिलेल्याला सांगायचे की तू उशिरा आलास.

२५/
अखेरचा जमाखर्च असा. पात्र अर्ज २ लाख ७८ हजारांहून अधिक, मागणी ७२ अब्जांहून अधिक, मंजुरी सुमारे १ लाख १ हजारांना. प्राधान्य गटांकडे सुमारे १८ अब्ज गेले, हेही खरे. म्हणजे ते थोडे दिवसही फुकट गेले नाहीत. निधी मात्र जुलैच्या प्रारंभीच संपला. तो वाढवण्याचा प्रस्ताव १९ मे २०२२ रोजी सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४३ मतांवर अडला. पुढे जाण्यासाठी ६० मते लागत होती.

२६/
'सरकारने दुकाने का पोसावीत?' असे त्या वेळी विचारले गेले. याच सरकारने २०२०मध्ये प्रवासी विमान कंपन्यांना केवळ वेतनासाठी २५ अब्ज डॉलर दिले होते आणि त्यातील मोठा भाग परत करायचा नव्हता. त्याला धोरण म्हणतात. खानावळीने तेच मागितले की ती लाचारी ठरते. शब्दांची ही विभागणीही मदतीच्या इतिहासाचाच भाग आहे.

२७/
शंभर वर्षांची ही नोंद मागायची गोष्ट फार मोठी नाही. मोठ्यांसाठी आणि छोट्यांसाठी खिडक्या वेगळ्या असाव्यात. २०२१च्या निधीतही पाच लाख डॉलरपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी ५ अब्ज राखून ठेवले होते आणि त्या तरतुदीला न्यायालयाने हात लावला नव्हता. मदत घड्याळावर न वाटता गरजेवर वाटावी. नुकसान मोजताना केवळ बाजारकिंमत आणि पगारपत्रक न पाहता पुन्हा उभे राहण्याचा खर्च पाहावा. आणि विम्याच्या कलमांवर साथ येण्याआधी लक्ष असावे, नंतर नव्हे.

२८/
म्हणून यापुढे कोणत्याही देशातील, कोणत्याही काळातील मदतयोजनेचा इतिहास वाचताना रकमेच्या आकड्यावर थांबू नये. तीन गोष्टी शोधाव्यात: नुकसान कशावर मोजले, अर्ज कोणाच्या हातून गेला आणि वगळणारे कलम कोणी लिहिले. जिद्दीच्या कथा त्यानंतर वाचाव्यात. त्या खऱ्या असतात, पण हिशेबाच्या जागी त्या ठेवता येत नाहीत.

२९/
टल्साचा हिशेब तर अजूनही मिटलेला नाही. १२ जून २०२४ रोजी ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने हत्याकांडातून वाचलेल्या, शंभरी कधीच ओलांडलेल्या शेवटच्या दोन स्त्रियांचा भरपाईचा दावा फेटाळला. त्या १०३ वर्षे रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या आधी कोणीही आलेले नव्हते.

(धागा समाप्त)